वाढत्या मापाचे हातमोजे

सहादेवला पाण्याची भीती कधीच वाटली नाही. बायकोची मात्र वाटायची, आणि ती रास्तच म्हणायची, कारण तो पाण्याखाली असताना त्याच्या कमरेच्या दोरीचं दुसरं टोक चांगुणाच्या हातात असे.

अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या धरणाचं पाणी मागे जिथवर फुगतं, तिथं काठावर त्यांचं गाव. गावाच्या उपसा योजनेचा पंप काठावर बसवलेला, त्याचा जाड पाइप पाण्यात उतरलेला आणि पाइपाच्या बुडाशी, दोन-अडीच पुरुष खोल, एक झडप. तिला सगळे फुटव्हॉल्व्ह म्हणतात. तिच्या जाळीत गाळ, शेवाळ, नाहीतर फिरायला आलेल्या मंडळींनी फेकलेली एखादी पिशवी अडकली की पंप पाण्याऐवजी हवा ओढायला लागतो आणि वरचा गहू-कांदा माना टाकतो. मग कुणीतरी दम धरून खाली जायचं, नट सोडायचे, जाळी साफ करायची आणि नट परत आवळायचे. हा 'कुणीतरी' म्हणजे गेली एकतीस वर्षं सहादेव.

पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून नवरा-बायकोची दोरीवरची बोली ठरलेली होती. कमरेला बारीक हिसका कळत नाही, म्हणून सहादेव दोरी डाव्या हाताच्या बोटांतून घ्यायचा. चांगुणा वर तीस आकडे मोजायची आणि एक हिसका द्यायची. त्याचा अर्थ, हायसा ना? खालून सहादेवनं एक हिसका द्यायचा. त्याचा अर्थ, हाय. दोन हिसके म्हणजे दोरी सैल सोड, आणि तीन म्हणजे ओढ वर. पंपाच्या स्टार्टरचे तिन्ही फ्यूज काढून तिच्या ओच्यात बांधलेले असत, म्हणजे एखाद्या शहाण्यानं मध्येच बटण दाबलं तरी पंप सुरू व्हायची सोय नव्हती. दुसऱ्या कुणाच्या हातात दोरी देऊन सहादेव एकदाही उतरला नव्हता. चांगुणा एकदा माहेरी लग्नाला गेली, तेव्हा अख्ख्या गावाचं पाणी चार दिवस अडलं, पण गडी जागचा हलला नाही.

सत्तावन्नाव्या वर्षी मात्र थंडीनं त्याला गाठलं. कांद्याला पाणी लागतं ते नेमकं ऐन गारठ्यात, आणि शेतीची लाइट नऊला येते, म्हणजे बुडी मारायची ती साडेसात-आठला, पाण्यावर धुकं लोळत असताना. गेल्या दोन वर्षांत पाण्यात शिरलं की पाच मिनिटांत त्याची बोटं लाकूड व्हायची आणि डावा कान आठवडाभर ठणकायचा. अकोल्याच्या डॉक्टरांनी कानात बत्ती मारून पाहिलं आणि सांगितलं, की गार पाण्यानं कानाच्या वाटेत हाड वाढत चाललंय. कान झाकल्याशिवाय पाण्यात जाल तर ऐकायचं विसरा. हातांचंही तेच. झाका, नाहीतर सोडा.

सोडा म्हणे! सांगायला काय जातंय? योजनेचे चेअरमन काकासाहेब यांनी तर नाशिकहून सिलिंडरवाले पाणबुडे बोलवायची भाषा सुरू केली होती. माणूस वाईट नव्हता, त्यालाही चार वस्त्यांचं पाणी बघायचं होतं. पण ज्या झडपेचा नट न् नट आपण डोळे मिटून ओळखतो तिला उद्या कुणी परका हात लावणार, या विचारानं सहादेवच्या घशाखाली भाकर उतरेना. त्याला खाली जायचं होतं. अजून निदान पाच-सात वर्षं तरी जायचं होतं.

लेक अश्विनी नगरला सावेडीत राहायची, तिथंच एका दवाखान्यात नर्स होती. तिनं मोबाईलवर शोधून काढलं. निओप्रीन नावाचं फेसाळ रबर असतं, त्याचे हातमोजे मिळतात आणि डोक्याला कानटोपीसारखं हूड. समुद्रात बुडी मारणारे वापरतात म्हणे.

"आबा, माप सांगा. पंजाचा घेर किती?"

"मोठंच मागव. वाढत्या मापाचं."

"आबा, तुम्ही आता कुठं वाढणार?"

"आगं, ढिलं आसलं म्हंजे आत लोकरीचं घालता येतंय. आन सगळ्यात जाड आसंल ते बघ. जाड ते टिकाऊ."

या चुकीचं खापर एकट्या सहादेववर फोडून चालायचं नाही. आमच्याकडे शाळेचा सदरा असा शिवतात की पहिली दोन वर्षं आतलं पोर हुडकावं लागतं. चपलेत कापूस कोंबून पोरं सातवीपर्यंत तीच चप्पल ओढतात. सहादेवच्या लग्नातला कोटसुद्धा थोरल्या भावाला पुढंमागं होईल अशा बेतानं घेतलेला होता. अंगाबरोबर बसणारी वस्तू घेणं म्हणजे पैसे फुकट घालवणं, हे बाळकडू मिळालेला माणूस सत्तावन्नाव्या वर्षी दुसरं काय सांगणार?

डिसेंबरात पार्सल आलं. पाच मिलिमीटर जाडीचे काळेकुट्ट मोजे, त्यात सहादेवचा पंजा शिरून वर बोटबोटभर जागा उरली. हूड तर असं, की पुढं सरकून भुवयांवर यायचं. चांगुणा पोट धरून हसली. "आवं, ह्यात तुमी आन मी दोघंबी मावू."

"हसू नगं. पान्यात गेलं की बसंल नीट," सहादेव म्हणाला.

पाण्यात ते नीट बसलं नाही. पहिल्याच बुडीला मानेपाशी गार पाण्याचा लोंढा आत शिरला आणि हूड फुगून डोळ्यांवर आलं. मोज्यांत बोटं आंबोणातल्या ढेपेगत तरंगायला लागली. पान्ह्याची पकड सापडेना. नट कुठला आणि जाळी कुठली, काही म्हणता काही कळेना. मध्येच दोरीत काहीतरी हललं, पण ते इतकं दबलेलं की गोधडीआडून कुणी टिचकी मारल्यासारखं. सहादेवनं अंदाजानं उत्तराचा हिसका दिला आणि परत नटाशी झोंबायला लागला.

आणि मग दोरी आवळली. एकदम, जिवाच्या आकांतानं. कुणीतरी त्याला कमरेतून धरून वर खेचत होतं. वाटेत पाइपाच्या पट्टीवर कपाळ आपटलं, एक मोजा हातातून निसटून तळाला गेला, नाकातोंडात पाणी शिरलं. वर आला तेव्हा कपाळातून रक्त वाहत होतं आणि काठावर चांगुणा दोरी पोटाशी धरून बसली होती. तिच्या तोंडाचं पाणी पळालेलं होतं.

"उत्तर का न्हाई दिलं?" ती किंचाळली. "तीनदा इचारलं म्या! तीनदा!"

"दिलं की! एकदा दिलं म्या!"

"न्हाई आलं! मला न्हाई आलं!"

दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होते, आणि असं भांडण सगळ्यात वाईट. शेवटी सगळा दोष त्या मोज्यांवर गेला. मोजे बिचारे, त्यांना बोलता येत नव्हतं. कपाळाला तीन टाके पडले. घरी आल्यावर चांगुणानं दोरीची गुंडाळी करून खुंटीला अडकवली आणि शांतपणे सांगितलं, "ह्यापुढं मी दोरी धरायची न्हाई. माझ्या हातानं तुमाला मारायचं न्हाई मला."

ती धरणार नाही म्हणजे तो उतरणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. काकासाहेबांनी दुसऱ्या गावाहून एक तरणाबांड गडी आणून कसंबसं काम निभावलं. त्यानं जाळी बसवली खरी, पण तिरकी. महिन्याभरातच पंप पुन्हा धापा टाकायला लागला.

जानेवारीच्या मध्याला अश्विनीचा फोन आला. तिनं बापाला सरळ विचारलं नाही, आईला विचारलं. सावेडीत तिच्या दवाखान्यामागे एक दुकान होतं, पोहण्याचं आणि डोंगर चढण्याचं सामान विकणारं. तिथल्या उझ्माला तिनं सगळं सांगितलं होतं. उझ्मा म्हणाली होती, माणूस समोर आणा, फोनवर माप होत नसतं.

"जाऊन तर येऊ," चांगुणा म्हणाली. "लेकीला भेटनं हुईल." आणि निघताना तिनं खुंटीवरची दोरी काढून पिशवीत घातली.

"ती कशाला?" सहादेवनं विचारलं.

"आसू द्या."

संगमनेरला गाडी बदलून नगर गाठेस्तोवर दुपार झाली. उझ्मा तिशीतली, पोरांना पोहायला शिकवणारी, खांद्यानं रुंद आणि बोलायला खडखडीत बाई होती. दुकानाच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून तिचे अब्बा गनीभाई बसलेले. त्यांनी उभा जन्म पंपाचे वॉशर आणि पॅकिंग विकलं होतं. सहादेवला वाटलं होतं ही पोरगी आता महागाचं काहीतरी गळ्यात मारणार. तिनं तर आधी त्याच्या पिशवीतला उरलेला एकुलता मोजा हातात घेतला, उलटा केला आणि कपाळाला हात लावला.

"काका, हे कुणाच्या मापाचं?"

"वाढत्या मापाचं हाय," चांगुणा म्हणाली. तिला हसू आवरेना.

"काका, हे रबर पाणी पूर्ण अडवत नाही. थोडं पाणी आत येणारच. तेवढं पाणी तुमच्या अंगाच्या उबेनं कोमट होतं आणि ते तिथंच राहिलं पाहिजे. मोजा ढिला असला की कोमट पाणी बाहेर जातं, गार आत येतं, परत ते तापवा, परत ते बाहेर. म्हणजे तुम्ही तिथं बसून सगळं धरण तापवताय."

सहादेव ओशाळला. तेवढ्यात कोपऱ्यातून गनीभाई म्हणाले, "भाऊ, फुटव्हॉल्व्हला वॉशर घेताना कधी एक माप मोठा घेता का?"

"ह्या! गळंल की समदं."

"मग?"

एवढं मात्र सहादेवला लख्ख कळलं. एकतीस वर्षं तो जे झडपेला लावत होता तेच अंगाला लावायचं राहून गेलं होतं.

उझ्मानं कापडी टेप काढली. अंगठा सोडून बोटांच्या मुळाशी पंज्याचा घेर घेतला, मधल्या बोटाची लांबी घेतली. भुवयांच्या वरून डोक्याचा घेर, मग मानेचा. मोजा घातल्यावर मूठ वळवायला लावली. बोटाच्या टोकाशी मोकळी जागा नको, पण बोटांना मुंग्याही येता कामा नयेत. हूड घालून म्हणाली, "आवंढा गिळा. मान दोन्हीकडं वळवा. गळ्याशी दाबतंय? चेहऱ्याची कड हनुवटीला चिकटली पाहिजे, श्वास अडता कामा नये." तिनं कानाशी असलेली बारीक भोकं दाखवली, आत अडकलेली हवा निघून जायला. मोज्यांच्या शिवणी उलटून दाखवल्या, आधी चिकटवून मग वरवर शिवलेल्या, आरपार सुई न गेलेल्या. तिसऱ्या हुडात सहादेवचं तोंड असं काही गोल बाहेर आलं की अश्विनी तोंड फिरवून उभी राहिली.

"हसा, हसा," तो म्हणाला. पण कान उबेला बसला होता आणि ते त्याला फार बरं वाटत होतं.

आता प्रश्न जाडीचा. उझ्मानं तीन जोड्या समोर ठेवल्या, पाच, तीन आणि दोन मिलिमीटरच्या. "जाड घेतला तर ऊब जास्त, पण बोटाला कळणार कमी. पातळ घेतला तर उलटं. तुमचं काम कसलं, त्यावर ठरवायचं."

"त्यांचं काम नटाचं हाय," चांगुणा पहिल्यांदाच पुढं झाली, "पर मला नटाचं न्हाई पडलं. माझा हिसका त्यान्ला कळतो का, ते मला बघायचंय. आत्ता. हितं. बाप दाखवा, न्हाईतर श्राद्ध घाला." आणि तिनं पिशवीतून दोरी काढली.

शेजारच्या रसवंतीतून बर्फ आणला, बादलीत पाणी ओतलं. सहादेवनं डोळे मिटले, मोजा घातलेला हात दोरीसकट बादलीत बुडवला. दोरीचं दुसरं टोक घेऊन चांगुणा दुकानाबाहेर, पार रिक्षा उभ्या होत्या तिथवर गेली. येणारे-जाणारे थांबून बघायला लागले. एका रिक्षावाल्यानं विचारलंसुद्धा, मावशी, कोण अडकलंय आत?

पाच मिलिमीटरच्या मोज्यात दहातले चार हिसके कळले. दोनच्या मोज्यात दहाच्या दहा कळले, पण तोवर बोटं ठणकायला लागली. तीनचा मोजा घातला. सहादेव म्हणत गेला, "आला. आला. आत्ता दोन आलं. आला." अश्विनी दारात उभी राहून आईकडं बघत बोटं मोजत होती. दहा झाले तरी बोटं त्याची होती, लाकडाची नव्हती.

चांगुणा आत आली. तिचे डोळे भरले होते, आणि ते तिनं लपवलं नाही. "हेच घ्या," ती म्हणाली. "धरीन मी दोरी."

पावती करताना उझ्मा सहज म्हणाली, "काकू, तुमचंही माप घेऊ का? थंडीच्या वाऱ्यात ओली दोरी धरायची म्हणजे हात गारठणारच. दोरीला दोन टोकं असतात."

चांगुणानं दोन्ही हात पदराखाली घेतले. "मला कशाला वं? मी काय पान्यात उतरते?"

दुकानदाराची लेक शेवटी, दुसरी जोडी खपवणारच, असं सहादेवच्या मनात आलं आणि त्यानं मान हलवून विषय संपवला. शहाणा माणूस एका दिवसात किती शिकणार!

जानेवारी सरता सरता एका सकाळी ते काठावर पोचले. वारा पाण्यावरून अंगावर येत होता. काकासाहेब मफलर गुंडाळून पंपाच्या खोलीशी उभे होते. नाशिकचा माणूस सोमवारी येणार, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. आज जमलं तर जमलं.

"सहादेवभाऊ, जमंल ना?"

"बघू," सहादेव म्हणाला. त्यानं मोज्यांत घरून आणलेल्या थर्मासमधलं कोमट पाणी ओतलं, उझ्मानं सांगितलं होतं तसं, आणि मग हात घातले. हूड चढवलं. जगाचा आवाज दूर गेला. चांगुणाचे ओठ हलताना दिसले, पण शब्द आले नाहीत. तिनं ओच्यातले तीन फ्यूज हात लावून चाचपले आणि मान डोलावली. तो पाइपाला धरून खाली सरकला.

काय सांगावं त्या सुखाचं! पाणी तेच, तेवढंच गार, पण डोक्यात कळ गेली नाही. कान गप्प होता. बोटांना पान्ह्याचे दाते कळत होते, नटाची झिजलेली कड कळत होती. तीस झाले आणि दोरीत हिसका आला, दारावर थाप पडावी तसा स्वच्छ. सहादेवनं उत्तर दिलं. हाय. मनातून त्याला नाचावंसं वाटलं. वर येऊन दम घेतला, पुन्हा गेला. तिरकी जाळी सोडवली, गाळ खरवडला, प्लास्टिकच्या ताडपत्रीचा एक फाटका तुकडा ओढून काढला. चौथ्या बुडीला जाळी सरळ बसली. चारातले तीन नट आवळले गेले.

पाचव्या बुडीला हिसका आला. त्यानं उत्तर दिलं. लगेच दुसरा हिसका आला. हायसा ना? त्यानं पुन्हा उत्तर दिलं, जरा जोरात. तिसरा आला.

सहादेव पान्हा धरून तसाच थांबला. आपल्याला तर सगळं कळतंय, मोज्यात खोट नाही. मग तिला का कळत नाही? डिसेंबरातला तो एक अंदाजानं दिलेला हिसका त्याला आठवला. आपण दिला होता. ती म्हणाली, आला नाही. आणि पाण्याखाली, दम संपत आलेला असताना, त्याला सावेडीच्या दुकानात पदराखाली गेलेले दोन हात आठवले.

चौथा नट तसाच सोडून तो वर आला.

चांगुणा ओठ चावून उभी होती. दोरी तिनं मुठीत धरलेली नव्हतीच. कोपरापासून मनगटापर्यंत हाताला वेटोळी घातली होती आणि बोटं वाकडी, पांढरीफटक, कडेला नुसती लोंबत होती. ओढायचं नाही, ह्या खेपेला कायबी झालं तरी घाबरून ओढायचं नाही, असं ती स्वतःशी पुटपुटत होती. तो दिसला तशी तिनं हात पदराखाली घेतले.

सहादेवनं हूड मागं ढकललं. "हात दाव."

"कशाला?"

"दाव म्हनतो ना."

त्यानं तिची बोटं धरली. मोज्यातूनसुद्धा ती दगडासारखी लागली. "कवापासनं हाय हे?"

तिनं पाण्याकडं बघितलं. "तीन-चार वर्सं झाली आसतील. सुईत दोरा ओवता येत न्हाई मला, अश्विनी आली म्हंजे तिच्याकडनं ओवून घेते. दोरीचं खांद्याला कळायचं थोडं थोडं, म्हनून वेटाळून धरायची." मग तिचा आवाज फुटला. "त्या दिशी तुमी उत्तर दिलं आसंल वं. मलाच कळालं न्हाई. मोज्याला बोल लावला समद्यांनी, आन मी गप बसले. सांगितलं आसतं तर तुमी मला काठावं येऊ दिलं नसतं. मग तुमाला कोन धरनार?"

कपाळावरची टाक्यांची खूण ठणकल्यासारखी वाटली त्याला, पण राग आला नाही. लाज वाटली. एकतीस वर्षं ज्या हाताच्या भरवशावर आपण खाली जातो तो हात कसा आहे, हे आपण एकदा धरून पाहिलं नाही, याची त्याला मनापासून लाज वाटली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण सहादेवचा पीळ त्या सकाळी काठावर चांगलाच सैल झाला.

त्यानं आपले मोजे उतरवले. आतलं पाणी अजून कोमट होतं, त्याच्याच अंगाच्या उबेचं. ते सांडू न देता त्यानं एकेक मोजा चांगुणाच्या हातावर चढवला, लहान पोराला बाही घालतात तसं एकेक बोट जागेवर बसवत. ती "आवं, लोक बघत्यात" म्हणत राहिली. काकासाहेब बघत होतेच. मग त्यांना पंपाच्या खोलीत एकाएकी काहीतरी काम आठवलं.

पाच-सात मिनिटं दोघं तसेच बसून राहिले, तिचे हात त्याच्या काखेत. हळूहळू तिचं तोंड वेडंवाकडं व्हायला लागलं.

"दुखतंय का?"

"मुंग्या आल्यात. लई मुंग्या आल्यात." ती हसत होती आणि रडतही होती. "बोटं हायत वं माझी."

एक नट राहिला होता. सहादेवनं हूड चढवलं आणि उघड्या हातांनीच उतरला. एका बुडीचं काम, एवढं निभेल. गार पाणी बोटांना डसलं. नट सापडला, दाते बसले, पान्हा फिरला. तीस व्हायच्या आधीच त्यानं हात थांबवला. एकतीस वर्षांत त्यानं नुसतं उत्तर दिलं होतं, आपण होऊन कधी विचारलं नव्हतं. त्यानं दोरीला एक हिसका दिला.

हायस ना?

क्षणही गेला नाही. वरून एक हिसका आला, ठसठशीत, मुठीत धरून दिलेला.

नऊला लाइट आली. चांगुणानं ओच्यातून फ्यूज काढले आणि मोजे न काढताच एकेक करून काकासाहेबांच्या हातात दिले. पंप गुरगुरला, पाइप थरथरला आणि वरच्या पाटात पाणी धो-धो पडायला लागलं. काकासाहेबांनी खिशातून मोबाईल काढला. "नाशिकवाल्याला नको म्हणून कळवतो," ते म्हणाले, आणि जाता जाता, "वहिनी, मोजे भारी दिसतात हो तुम्हाला."

"ढिलं हायत," चांगुणा म्हणाली.

उन्हात बसून सहादेवनं आधी सुतळीचा एक तुकडा हुडकला. तिचा उजवा मोजा उतरवला, अंगठा सोडून बोटांच्या मुळाशी सुतळी गुंडाळली, गाठीशी नखानं खूण केली. मधल्या बोटाची लांबी घेतली. मग उझ्माला फोन लावला आणि माणूस समोर आणता येत नाही याबद्दल आधी माफी मागितली.

"बोला काका. कसं झालं?"

"झालं. आनखी येक जोड पायजे. बायकूसाठी."

पलीकडं वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. मग उझ्मा म्हणाली, "माप सांगा. आणि काका, एक माप वाढतं पाठवू का?"

सहादेवनं चांगुणाकडं बघितलं. ती बोटं उघडझाप करत उन्हाकडं धरून बसली होती, ती आपलीच आहेत याची खात्री करून घेत.

"न्हाई," तो म्हणाला. "आंगाबरोबर."